सदुसष्ट सेकंद

हिंदी मुलखातल्या आमच्या पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये मी तीस वर्षांहून जास्त काळ टाइम कॉन्स्टंट शिकवला, आणि कपॅसिटर रिकामा करायचा तो प्रयोग स्वतःच्या हातानं कधी शेवटपर्यंत केला नाही. हे लिहिताना आता लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती, कारण आमच्याकडे तो कुणीच करत नसे.

प्रयोग अगदी साधा. एक रेझिस्टर, एक कपॅसिटर, सप्लाय, काट्याचं व्होल्टमीटर आणि स्टॉपवॉच. कपॅसिटर दहा व्होल्टपर्यंत भरायचा, सप्लाय काढून घ्यायचा, मग त्याला रेझिस्टरमधून हळूहळू रिकामा होऊ द्यायचा आणि दर दहा सेकंदांनी काटा कुठं आला ते लिहायचं. काटा आधी झरझर उतरतो, मग रेंगाळतो. दहाचे तीन पूर्णांक सात व्होल्ट व्हायला जेवढा वेळ लागतो, तो त्या सर्किटचा टाइम कॉन्स्टंट. कागदावर काढायचा तर रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स. आमच्या बोर्डावर एक लाख ओहम आणि एक हजार मायक्रोफॅरड होते, म्हणजे उत्तर बरोबर शंभर सेकंद.

वर्गात मी वरणाचं उदाहरण द्यायचे. ताटात वाढलेलं गरम वरण पहिल्या दोन मिनिटांत जेवढं निवतं तेवढं पुढच्या दोन मिनिटांत निवत नाही. जितकं जास्त गरम, तितकी निवायची घाई. पोरं हसायची, "मैडम, दाल बोलिए दाल," म्हणायची. कॉइलचा स्वभाव वेगळा. तिच्यातून करंट एकदम चढत नाही, ती आधी अडवते आणि मग वाट देते. पण आमच्या कॉइलचा टाइम कॉन्स्टंट इतका लहान की स्टॉपवॉचचं बटण दाबेपर्यंत सगळं आटोपलेलं असायचं. ते बघायला ऑसिलोस्कोप लागतो. ऑसिलोस्कोप कपाटात, कपाटाची किल्ली विभागप्रमुखांकडे आणि विभागप्रमुख मीटिंगमध्ये. त्यामुळं कॉइलचा प्रयोग आमच्याकडे फक्त जर्नलमध्ये होत असे.

आणि कपॅसिटरचा तरी कुठं होत होता? लॅबमध्ये एक 'पक्की फाइल' फिरत असे. कुठल्याशा जुन्या बॅचमधल्या हुशार मुलाची जर्नल, जी दर वर्षी सीनियरकडून ज्युनियरकडे जायची. तिच्यात सगळ्या प्रयोगांची रीडिंग होती आणि सगळी बरोबर होती. मुलं यायची, वायरी जोडायची, पहिली दोन-तीन रीडिंग खरोखर घ्यायची, काटा भलतंच काही दाखवतोय असं दिसलं की मीटरला दोन शिव्या हासडायची आणि पक्की फाइल उघडायची. मग कुणाचं उत्तर अठ्ठ्याण्णव यायचं, कुणाचं एकशे एक. नेमकं शंभर लिहू नये, संशय येतो, एवढी अक्कल सगळ्यांना होती. मी सही करायचे. मला माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. मी शिकत होते तेव्हा मीही तेच केलं होतं. एका दुपारी दोन प्रयोग उरकायचे, सहा जणांत एक बोर्ड. अशात काट्याकडे टक लावून कोण बसणार?

एक मुलगी बसायची. या गोष्टीला अठरा वर्षं झाली. जवळच्या पनागर गावाहून बसनं यायची, बस चुकली तर टेम्पोत उभी राहून. डाव्या हातात स्टॉपवॉच धरायची आणि सेकंद मोजताना ओठ हलायचे. एकदा मी तिच्या मागं उभी होते तेव्हा ऐकू आलं, "चाळीस, पन्नास, साठ." वर्गात सगळ्यांशी ती हिंदीत बोले, पण मोजत होती मराठीत. विचारलं तर म्हणाली, आजोबा नागपूरकडून इकडं आले, वडील सरकारी नोकरीत आहेत आणि घरी मराठीच चालते. त्या दिवसापासून ती माझ्याशी मराठीत बोलायला लागली, आणि मलाही बरं वाटायचं. आमचं घर मराठ्यांच्या काळात चाकरीसाठी इकडं आलेलं. घरात नातवंडांना मराठी कळते, पण उत्तर हिंदीत येतं. कॉलेजात तर मराठी ऐकायलाच मिळत नसे.

तिनंच एकदा सांगितलं होतं, "मॅडम, फर्स्ट डिव्हिजन आली तर बाबा डिग्रीला घालून देतो म्हणाले. नाही आली तर मग घरी बस म्हणाले." हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. सौदा तिला मान्य होता, आणि तिला फर्स्ट डिव्हिजन मिळणार याबद्दल मलाही शंका नव्हती.

मला ती मनापासून आवडायची. हे आधीच सांगते, कारण पुढं मी जे केलं ते रागानं केलेलं नाही. रागानं केलं असतं तर कदाचित कमी बोचलं असतं.

शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला बाहेरगावाहून परीक्षक आले होते. वयस्कर, शांत, घशात खवखव झाल्यासारखं बोलणारे. टेबलाशी ते आणि मी बसलो होतो, मुलं एकेक करून जर्नल आणि ग्राफ घेऊन येत होती. सत्त्याण्णव, एकशे दोन, नव्व्याण्णव. परीक्षक मान डोलवत होते. मग ती आली. तिच्या ग्राफवर काढलेली रेघ सुरेख होती, एकेक बिंदू जागच्या जागी, आणि खाली उत्तर लिहिलेलं: सदुसष्ट सेकंद.

परीक्षकांनी चष्मा वर केला. "यह सड़सठ कहाँ से आया?"

ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "मॅडम, मी तीनदा केलं. तीनही वेळा एवढंच येऊन राहिलं. काहून ते समजलं नाही, पण दुसरं कसं लिहू?"

परीक्षकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसले. "अच्छा, आपके यहाँ की है?"

त्यांच्या मनात काही नसेल. माझ्या मनात होतं. त्याच्या दोन वर्षं आधी एका मराठी मुलाला चांगले मार्क पडले तेव्हा स्टाफरूममध्ये कुणीतरी चहा पिता पिता म्हणालं होतं, "मिलेंगे ही, मैडम के घर का जो है।" सगळे हसले होते, मीही हसले होते आणि घरी येऊन रात्रभर चरफडले होते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं माझ्याबद्दल कुणी म्हणू नये म्हणून तेव्हापासून मी उलटं टोक गाठलं होतं. मराठी नाव दिसलं की माझी लेखणी आखडायची. बाहेर याला कडक शिस्त म्हणतात. खरं तर ती भीती होती.

तर मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, हिंदीत तिला म्हणाले, "सबका सौ आया है, सिर्फ़ तुम्हारा सड़सठ? तीन बार ग़लत करने से सही नहीं हो जाता।" कुणीतरी फिस्कन हसलं. परीक्षक म्हणाले, "चलो, कोई बात नहीं," आणि मार्कांचा कागद माझ्याकडे सरकवला. पन्नासांपैकी बाकीच्यांना बेचाळीस, चव्वेचाळीस असे मार्क होते. मी तिच्या नावापुढं चोवीस लिहिले. परीक्षकांनी आकडा पाहून भुवया उंचावल्या होत्या, म्हणजे त्यांनी तरी तीसच्या वर दिले असते. मला मात्र त्या क्षणी आपण किती निःपक्षपाती आहोत याचा अभिमान वाटत होता.

निकाल लागला तेव्हा तिची फर्स्ट डिव्हिजन सात मार्कांनी हुकली होती. सात. मी स्वतःला समजावलं की दुसऱ्या पेपरांतही कमी पडले असतील. माणूस स्वतःला काय वाटेल ते समजावू शकतो. मार्कशीट घ्यायला ती आली होती असं नंतर कळलं, पण मला भेटली नाही.

पुढची सतरा वर्षं मला तिची क्वचितच आठवण झाली, हेही कबूल करायला हवं.

गेल्या वर्षी, माझ्या निवृत्तीला दोन महिने असताना, लॅबमध्ये नवीन किट आली. सगळं कॉम्प्युटरला जोडलेलं. बटण दाबलं की ग्राफ आपोआप येतो. जुनी मीटरं भंगारात काढायची होती, आणि कोणतं चालू, कोणतं बंद याची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. दुपारची वेळ, लॅब रिकामी. मला वाटलं, जाता जाता एकदा तरी हा प्रयोग आपण करावा. वायरी जोडल्या, कपॅसिटर भरला आणि काट्याकडे बघत बसले.

तीन पूर्णांक सातवर काटा आला तेव्हा स्टॉपवॉच सदुसष्ट दाखवत होतं.

मी म्हटलं, कपॅसिटर म्हातारा झाला असेल. नवा लावला. अडुसष्ट. रेझिस्टर बदलला. सहासष्ट. तेव्हा कुठं मी व्होल्टमीटर उचलून खिडकीशी नेलं आणि त्याच्या तबकडीवर तळाशी लिहिलेली बारीक अक्षरं वाचली. दर व्होल्टला वीस हजार ओहम. म्हणजे दहा व्होल्टच्या रेंजवर मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स फक्त दोन लाख.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. व्होल्टमीटर नुसतं बघत उभं राहत नाही. मोजायला लावलं की तेही सर्किटचा भाग होतं आणि त्याच्या पोटातूनही थोडा करंट वाहतो. कपॅसिटरला रिकामं व्हायला मग दोन वाटा मिळतात, एक रेझिस्टरची आणि एक मीटरची. एक लाख आणि दोन लाख समांतर जोडले की होतात सहासष्ट हजार सहाशे आणि वर थोडे. त्या सर्किटचं खरं उत्तर शंभर नव्हतंच. सदुसष्ट होतं. वर्गातल्या चाळीस जणांत फक्त तिचं उत्तर बरोबर होतं.

मला हे ठाऊक नव्हतं का? मीटरचा असा परिणाम होतो हा धडा मी दर वर्षी सप्टेंबरात शिकवत होते. हा प्रयोग यायचा जानेवारीत. सप्टेंबरातलं जानेवारीत कुणाला आठवतं! मग मी स्टॉक रजिस्टर काढलं. पूर्वी लॅबमध्ये एक मोठं, चांगलं मीटर होतं, ज्याचा स्वतःचा रेझिस्टन्स खूप जास्त होता. पक्की फाइल त्या काळातली. ते बंद पडलं आणि त्याच्या जागी हे हलकं मीटर आलं, तिच्या बॅचच्या वर्षभर आधी. नोंदीखाली सही माझीच. मीटर बदललं आणि एकाही मुलाचं रीडिंग बदललं नाही, आणि त्यात मला काहीच खटकलं नाही.

मी लॅबमधल्या स्टुलावर बसून रडले. रडून काय होणार होतं? पण रडले.

तिला शोधायचं ठरवलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, पण घोडं न्यायचं तर होतंच. आमच्या शहरात ओमती भागात इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचं एक दुकान आहे, तिथं तिचाच एक वर्गमित्र बसतो. तो म्हणाला, "वो? पनागर में ही है मैडम, मिट्टी जाँचने की लैब में।" डिग्री तिनं केलीच नाही, हेही त्याच्याकडूनच कळलं. दोन दिवसांनी मी ऑटो करून गेले. पर्समध्ये तो ग्राफ होता, मी स्वतः काढलेला, आणि मनात एक भाषण होतं. रस्त्यानं ते भाषण मी इतक्यांदा घोकलं की एकदा ऑटोवालाच म्हणाला, "मुझसे कुछ कहा, माताजी?"

एका खासगी लॅबच्या मागच्या खोलीत ती बसली होती. शेतकरी मातीचे नमुने प्लॅस्टिकच्या पिशव्यांत आणून देतात आणि ती ते तपासून कोणत्या शेताला काय हवं याचा कागद बनवते. केसांत थोडी पांढरी रेघ, अंगावर एप्रन. मला बघून ताडकन उठली.

"मॅडम! तुम्ही इकडे काहून? बसा ना, बसा. दीदी, दो चाय भेजना!"

मी बसले आणि माझं सगळं भाषण गळून पडलं. ग्राफ टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तुझं रीडिंग बरोबर होतं. सदुसष्ट. मी स्वतः करून पाहिलं. चूक माझी होती."

ती ग्राफकडे बघत राहिली. "कोणतं रीडिंग, मॅडम?"

मी सांगितलं. मीटरचं सांगितलं, दोन लाखांचं सांगितलं. तिच्या लक्षात आलं तसं ती हसली. "अच्छा, ते कपॅसिटरवालं! चलो, काही हरकत नाही. किती जुनी गोष्ट झाली."

"तुझी फर्स्ट डिव्हिजन माझ्यामुळं गेली."

"गेली खरी," ती म्हणाली. "तेव्हा मी खूप रडली, मॅडम. खोटं कशाला सांगू? पण तुमच्यावर राग नाही केला मी. परीक्षा झाल्यावर तुम्ही मला बाहेर व्हरांड्यात बोलावून समजावलं होतं ना. त्याच गोष्टीवर तर माझं इथं चालून राहिलं."

"कोणत्या गोष्टीवर?"

"तुम्ही म्हटलं होतं, बेटा, आधी पुस्तकात किती यायला पाहिजे ते पाहून घ्यायचं, मग लिहायचं. नवीन पोरी कामाला येतात ना, त्यांना पण मी हेच सांगते. आमच्या मॅडमनं शिकवलं म्हणते."

तिच्या बोलण्यात कुठंही टोमणा नव्हता. तिच्या आवाजात आदर होता, आणि तो मला सोसवेना. व्हरांड्यातलं ते बोलणं मला अजिबात आठवत नव्हतं. पण वाक्य माझंच होतं, शंकाच नको. तीस वर्षं मी सगळ्यांना तेच तर शिकवत आले होते. ज्या एकीला ते येत नव्हतं, तिला मी बाहेर बोलावून, बेटा म्हणून शिकवलं होतं.

चहा आला. ती म्हणाली, "मी बोलता बोलता काम करते हां मॅडम, नमुने खूप आहेत." तिच्यासमोर माती कालवलेल्या पाण्याचे ग्लास ओळीनं मांडलेले होते. माती आंबट की खारी, म्हणजे तिचा पीएच किती, हे सांगणाऱ्या मीटरची कांडी तिनं एका ग्लासात बुडवली. पडद्यावरचे आकडे सरकू लागले. ते सरकत असतानाच तिनं कांडी काढून धुतली आणि रजिस्टरमध्ये साडेसात लिहिलं.

"आकडा थांबला होता का?" मी विचारलं.

"हे मीटर बुढ्ढं झालं, मॅडम. थांबायला खूप वेळ घेते. इकडच्या काळ्या मातीचं साडेसातच येते, पुस्तकात पण तेच आहे."

"ही माती कुणाची?"

"मटारवाले आहेत सगळे. पेरणीच्या आधी आणून देतात. आम्ही लिहितो त्या हिशेबानं खत टाकतात."

मी म्हणाले, "पुढच्याला जरा थांबून पाहू या?"

तिनं लगेच ऐकलं. माझं ती कायमच ऐकत आली होती. कांडी पुढच्या ग्लासात गेली आणि आम्ही दोघी पडद्याकडे बघत बसलो. सात पूर्णांक एक. सात पूर्णांक चार. साडेसात आला तेव्हा तिचा हात हलला, पण तिनं तो आवरला. सात पूर्णांक आठ. आठ. त्याच्यानंतर आकडा इतका हळू सरकू लागला की थांबला की काय असं वाटावं, आणि आठ पूर्णांक तीनवर तो खरोखरच थांबला.

तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. रजिस्टरमधल्या वरच्या ओळींवरून, एकाखाली एक लिहिलेल्या साडेसातांवरून तिची नजर फिरली, आणि मग ती माझ्याकडे बघून अगदी विद्यार्थिनीच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, किती लिहू?"

"जे दिसतंय ते लिही," मी म्हणाले. हे म्हणायला एक सेकंदही लागला नाही. तेव्हाही लागला नसता.

तिनं मान हलवली. हातातलं पेन खाली ठेवलं, ड्रॉवर उघडून पेन्सिल काढली आणि आठ पूर्णांक तीन लिहिलं, सहज पुसता येईल इतकं फिकट.